शिडी पोहोचली नाही ती फांदी

झोटवाडा, जयपूर
२५ ऑक्टोबर १९८५

तीर्थरूप मामंजी यांच्या चरणी,
रत्नप्रभाचे शि. सा. न. वि. वि.

आपलं दसऱ्याचं पत्र मिळालं. आपली आणि सासूबाईंची प्रकृती ठीक आहे हे वाचून बरं वाटलं. शालिनीची सहामाही परीक्षा झाली. गणित चांगलं गेलं. मराठी इथे विषयच नाही. ह्यांचं काम वाढलं आहे. विश्वकर्मा भागातल्या एका कारखान्याला आग लागली, तेव्हापासून विम्याचे कागद घरी येतात आणि जेवणाच्या टेबलावर पसरतात.

लिहायचं आहे ते वेगळंच. राग उतरला की लिहीन, म्हणून दोन दिवस थांबले. उतरला नाही.

दसऱ्याला सकाळी मी शालिनीला घेऊन सिविल लाइन्समध्ये गेले होते. ह्यांच्या साहेबांकडे पूजा होती. साडेअकराला परत आले तर फाटक सताड उघडं. आपण दिलेल्या झाडाला पान नाही. खाली मोडलेल्या फांद्या, चिरडलेली पानं आणि बुटांचे ठसे.

मंडळाचे लोक येऊन गेले होते. मंडळ म्हणजे इथल्या मराठी कुटुंबांचं. थोडे लष्करातले, थोडे बँकेतले, थोडे आमच्यासारखे विम्यातले. त्यांना संध्याकाळच्या कार्यक्रमात वाटायला सोनं हवं होतं. इथले लोक दसऱ्याला खेजडी पुजतात, म्हणजे आपली शमी. ती कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. पण मंडळाला ती चालत नाही. त्यांना जोडपानच हवं.

सुभेदार मेजर सर्जेराव घोरपडे मंडळाचे अध्यक्ष आहेत. चार माणसं, दोन पोती आणि एक कोयता घेऊन आले होते. हाताला आली ती पानं ओरबाडली, न आलेल्या फांद्या तोडल्या. संध्याकाळी कार्यक्रमात भेटले तेव्हा मी विचारलं की कुणाला विचारून तोडलंत. ते हसले. म्हणाले, वहिनी, दसऱ्याचं सोनं कुणी विचारून लुटतं का. आणि माझ्या हातावर दोन पानं ठेवली. माझ्याच झाडाची. मी ती घेतली, कारण सगळे बघत होते. तोडण्यापेक्षा मला ह्याचाच राग जास्त आहे.

मामंजी, ८१ सालच्या जूनमध्ये आपण पाकिटातून आठ बिया पाठवल्यात. तीन उगवल्या, एक जगली. इथली माती म्हणजे वाळू. बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं मी मुळाशी पुरलं आणि ते दोन उन्हाळे रोज भरलं. लू वाहायची तेव्हा गोणपाट बांधलं, जानेवारीत गारठ्यासाठी तेच गोणपाट पुन्हा बांधलं. शेळ्यांना मी दगड मारले आहेत. ज्यांच्या शेळ्या, त्यांच्याशी भांडले आहे. आता झाड माझ्या दुप्पट उंच झालं होतं. ह्या पावसाळ्यात शिंपी पक्ष्यानं दोन पानं शिवून त्यात घरटं केलं. पिल्लं उडून गेली होती, रिकामं घरटं राहिलं होतं. तेही पोत्यात गेलं.

येत्या फाल्गुनात झाडाला पहिली फुलं येणार होती. पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर ती येतात, आणि त्याच फांद्या गेल्या. एप्रिलपर्यंत ह्यांची बदली होईल असं ऑफिसात बोलतात. म्हणजे मला हा एकच वसंत होता.

हे त्या वेळी घरी होते.

एक फांदी उरली आहे. भिंतीवरून शेजारच्या माथुर भाभीजींच्या अंगणात वाकलेली. तिथवर शिडी पोहोचली नाही.

माझी एक विनंती आहे. सुभेदारांना आपण चार ओळी लिहाव्यात. मंडळ माझं ऐकत नाही. आपल्या वयाचं आणि हुद्द्याचं ऐकेल. पत्ता मागे लिहिला आहे.

सासूबाईंना नमस्कार. पत्रात राग आला असेल तर तो आपल्यावर नाही, एवढं समजून घ्यावं.

आपली
रत्नप्रभा


कराड
५ नोव्हेंबर १९८५

चि. सौ. रत्नप्रभा हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. दोन्ही वेळा नवल वाटले.

जे बी मी तुला पाठवले ते शाळेच्या आवारातल्या आपट्याचे. तो आपटा मी १९३९ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी लावला. अडतीस वर्षे मी त्या शाळेत होतो. अडतीस दसरे मुलांनी त्याची पाने लुटली. मुख्याध्यापक झाल्यावर मी त्यांना रांगेत उभे करून लुटायला लावली, म्हणजे धक्काबुक्की होऊ नये. झाड मेले नाही. आजही मे महिन्यात त्याच्या शेंगा तडतडून फुटतात आणि बी वर्गाच्या कौलांवर उडते. त्यातलेच वेचून तुला पाठवले. जयपुरात तुम्हा लोकांना दसऱ्याचे सोने मिळावे, हा हेतू होता. मिळाले. मग तक्रार कसली?

फुलांचे तू लिहितेस. आपट्याचे फूल बारीक, पांढरट असते असे पुस्तकात आहे. मी स्वतः कधी पाहिले नाही, इतके ते बारीक. त्यासाठी सुनेने चारचौघांत सुभेदार मेजरच्या हुद्द्याच्या माणसाला जाब विचारावा, हे मला पटले नाही. मी त्यांना पत्र लिहिणार नाही. लिहिले तर ते आभाराचे असेल.

तुझी सासू म्हणते की ज्या मुलीने झाड वाढवले तिला विचारायला हवे होते. ती नेहमी तुझ्याच बाजूची. मी तिला म्हटले, झाड कोणाचे ते आधी ठरव.

दिवाळीचा फराळ पार्सलने पाठवला आहे. चकल्या मोडल्या तर पोस्टाला बोल लावावा, सासूला नव्हे.

शालिनीला गोड पापा. थंडी सांभाळावी, आणि जीभही.

तुझा
रंगनाथ विष्णु खासनीस


झोटवाडा, जयपूर
१८ नोव्हेंबर १९८५

तीर्थरूप मामंजी यांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

फराळ पोहोचला. चकल्या अखंड आल्या. शालिनीनं एका दिवसात संपवल्या.

झाड कोणाचं, असं आपण विचारलंत. ते नंतर. आधी झाड कोणतं ते सांगते.

सोबत दोन पानं आहेत. मोठं पान आपल्या झाडाचं, उरलेल्या फांदीवरचं. लहान पान आपट्याचं. आपलं झाड आपटा नाही. कांचन आहे.

आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंद असतं. जाड आणि हाताला खरखरीत. कांचनाचं मोठं आणि पातळ. आपट्याची शेंग आपण होऊन फुटत नाही. ती झाडावरच काळी पडून राहते, बी हवं तर ठेचून काढावं लागतं. तडतडून फुटते ती कांचनाची शेंग. हे मी पुस्तकातून सांगत नाही, आपल्याच पत्रातून सांगते. म्हणजे शाळेतलं झाडही कांचनच आहे.

मी बी.एस्सी. आहे. विषय वनस्पतिशास्त्र. आपण मला बघायला आलात तेव्हा माझ्या वडिलांनी हे सांगितलं होतं. आपण सासूबाईंना म्हणालात, चांगलं आहे, बाग करील. त्यानंतर ही गोष्ट घरात कुणाला आठवलेली नाही.

मला दुसऱ्या वर्षीच कळलं. भाभीजींनीही भिंतीवरून बघून सांगितलं होतं की हा तर कचनार, ह्याच्या कळ्यांची सब्जी होते. मी आपल्याला लिहायला बसले. त्याच दिवशी आपलं पत्र आलं. शेवटी विचारलं होतं, आपटा कसा आहे. मी लिहिलं, बरा आहे. तेव्हापासून आपण दर पत्रात विचारता आणि मी दर पत्रात बरा आहे असं लिहिते.

ही चूक माझी. तेव्हा एक ओळ लिहिली असती तर ह्या घरात कुणी त्याला आपटा म्हटलं नसतं, मंडळाच्या कानावर ते गेलं नसतं आणि फांद्या राहिल्या असत्या. सुभेदारांवर रागावते तेव्हा अर्धा राग तिकडे जातच नाही. इथेच राहतो.

पण अर्धाच. झाड आपट्याचं असतं तरी ते माझ्या अंगणात होतं, आणि मी जिवंत आहे. मला विचारता आलं असतं.

लहान पान आणायला मी दोन बस बदलून गलत्याला गेले. तिथल्या डोंगरात, कुंडांच्या वरच्या अंगाला, आपटा आहे. मंडळाला खरं सोनं हवं असतं तर अर्ध्या दिवसात मिळालं असतं. कुणी शोधलं नाही. झोटवाड्यात भिंत ठेंगणी होती.

आपल्याला लागेल असं काही लिहिलं असेल. खोटं काही लिहिलं नाही. नमस्कार.

रत्नप्रभा

ता. क. शालिनीनं स्वतः पत्र लिहिलं आहे. मी वाचलेलं नाही.


जयपूर
१८ नोव्हेंबर

आदरणीय आजोबा आणि आजी,
साष्टांग नमस्कार.

आई बोलली की मराठीत लिही, म्हणून लिहिते. गलती झाली तर हसू नका. चकली खूप छान होती. मी माझ्या सहेलीला पण दिली, तिला ती जलेबी वाटली.

आमच्या पेडच्या सगळ्या पत्त्या नेल्या. दसऱ्याच्या प्रोग्राममध्ये घोरपडे अंकल माइकवर बोलले की राजनसाहेबांनी झाड पण दिलं आणि सीढी पण दिली, त्यांच्यासाठी ताली वाजवा. सगळ्यांनी ताली वाजवली. मी पण वाजवली. आईने नाही वाजवली. मतलब बाबांनीच दिली ना? आई बोलते की हे आजोबांना नाही लिहायचं, पण ती आता किचनमध्ये आहे.

आई रोज सकाळी ती एक फांदी बघते. मी विचारलं काय बघते, तर बोलते काही नाही.

तुम्ही जयपूरला कधी येणार? आमच्या छतवर मोर येतो.

तुमची लाडकी
शालिनी


कराड
६ डिसेंबर १९८५

चि. सौ. रत्नप्रभा हीस,
आशीर्वाद.

पाने मिळाली. भिंगातून पाहिली. दोन्ही आपट्याचीच आहेत. एक मोठे, एक लहान. मडक्याचे पाणी रोज मिळाले तर पान मोठे होणारच.

अडतीस वर्षे जे मी मुलांना शिकवले, ते पाकिटातल्या दोन पानांनी पुसले जात नाही. माझ्या हाताखालून गेलेली मुले आज मामलेदार आहेत, डॉक्टर आहेत, एक तर शेतकी खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. त्यांतल्या एकानेही कधी मला येऊन सांगितले नाही की गुरुजी, हा आपटा नव्हे. सुनेने सासऱ्याची परीक्षा घ्यावी असा काळ बाहेर आला असेल. माझ्या उंबऱ्याच्या आत तो आलेला नाही.

झाडाविषयी यापुढे मला लिहू नये.

सोबतची चिठ्ठी राजनला द्यावी. तू वाचलीस तरी चालेल.

रं. वि. खासनीस

चि. राजन यास,
आशीर्वाद. बायकोने चार वर्षे वाढवलेल्या झाडाला, ती घरात नसताना, शिडी काढून द्यावी, हे मी तुला शिकवलेले नाही. झाड कोणतेही असो. ती शिडी तुझी होती हे मला नऊ वर्षांच्या नातीकडून कळावे आणि तिच्या आईने आपल्या पत्रात ते झाकून ठेवावे, याची तुला लाज वाटली पाहिजे. मला उत्तर नको. तिला दे.


झोटवाडा, जयपूर
२० फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप मामंजी यांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ मिळाला. सासूबाईंचा गुडघा दुखतो असं कळलं. इथून तिळाचं तेल पाठवते आहे, घाण्यावरचं आहे.

बदलीचा हुकूम आला. नागपूर. एक एप्रिलला हजर व्हायचं. आम्ही अठ्ठावीस मार्चला इथून निघू.

झाडाविषयी लिहू नये अशी आपली आज्ञा आहे. आज मोडते.

आपली चिठ्ठी ह्यांनी वाचली. मग एका रविवारी शिडी भंगारवाल्याला देऊन टाकली आणि मला येऊन सांगितलं की शिडी दिली. शिडीशी माझं वैर नव्हतं. मला एक वाक्य हवं होतं, ते त्यांनी भंगारात घातलं.

जानेवारीत त्या एका फांदीची पानं गळली. फांदी मेली असं मला वाटलं. गेल्या आठवड्यात तिच्यावर कळ्या दिसल्या. हिरव्या, बोटाच्या पेराएवढ्या, टोकाला थोड्या जांभळट. बाकीच्या झाडावर एकही नाही.

सोमवारी सकाळी माथुर भाभीजी भिंतीशी स्टीलचा कटोरा घेऊन उभ्या दिसल्या. हात फांदीवर. मी स्वयंपाकघरातून अनवाणी धावले. त्यांना तसं काहीच वाटलं नाही. म्हणाल्या की वहिनी, कळ्या कोवळ्या असतानाच घ्यायला हव्यात, उमलल्या की बेकार. दह्यात शिजवतात, तुमच्याकडेही वाटीभर पाठवते. मी म्हटलं, हात काढा. त्यांनी शांतपणे सांगितलं की फांदी त्यांच्या अंगणात आहे आणि अंगणात वाकलेलं ते अंगणाचं, ही इथली रीत आहे. वर विचारलं की तुम्ही मराठी लोक झाडाचं नुसतं तोंड बघता की काय.

मला भयंकर राग आला. दसऱ्याला पानं न्यायची, फाल्गुनात कळ्या खायच्या. झाडानं फुलायचं कधी? रागात माझं हिंदी बिघडतं. काय काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की अठ्ठावीस मार्चला मी जाणार आहे, आणि चार वर्षं जे वाढवलं ते मला एकदा बघायचं आहे, हे मी ओरडून सांगितलं. गल्लीतले लोक बाहेर आले.

भाभीजींनी कटोरा भिंतीवर उपडा ठेवला. म्हणाल्या की ठीक आहे, पण एका अटीवर. फूल आलं की त्यांना हाक मारायची. घरात दर वर्षी कचनार येतो, पण बाजारातून टोपलीत येतो. कळी फुलापर्यंत पोहोचलेली त्यांनीही कधी जवळून बघितलेली नाही.

तेव्हापासून त्या फांदीवर त्यांचंच लक्ष आहे. पोपटांनाही हाकलतात. त्यांना थोडं सांगायला हवं की पोपट चालतात.

आज्ञा मोडली म्हणून रागवावं. पत्र मात्र टाकू नये.

रत्नप्रभा


झोटवाडा, जयपूर
१२ मार्च १९८६

तीर्थरूप मामंजी यांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

फुलं आली. सात आहेत.

फांदीला पान नाही, नुसती फुलं. पाकळ्या पाच. चार फिकट जांभळ्या, पाचवी गडद आणि तिच्यावर रेघा. मंद वास आहे, सकाळी कळतो. पहिल्या दिवशी मधमाशा आल्या. दुसऱ्या दिवशी शिंजीर आला, नर. सावलीत नुसता काळा आणि उन्हात निळा. फुलाच्या देठाला उलटा लटकून चोच आत घालतो. एवढ्याशा फांदीसाठी तो इतर शिंजिरांशी भांडतो. मला त्याचं पटतं.

भाभीजींना हाक मारली. त्या लाटणं हातात घेऊन आल्या आणि लाटणं हातातच राहिलं. मग त्यांनी त्यांच्या सुनांना बोलावलं आणि कुणी हात लावायचा नाही हे मीच सांगावं तसं सांगितलं.

हेही आले. पाच मिनिटं उभे होते. मग म्हणाले, मी तुला विचारायला हवं होतं. एवढंच. मी ठीक आहे असं म्हटलं नाही. ठीक नव्हतं. पण चहा केला आणि आम्ही तो तिथेच घेतला.

सुभेदार मेजर निरोप द्यायला आले होते. झाडाकडे बघितलं, फुलांकडे नाही. ह्या घरात नवे भाडेकरू कोण येतात ते विचारून गेले.

सोबत एक फूल आहे. वहीत दाबून सुकवलं आहे, त्यामुळे रंग उतरला. आपल्याला शिकवायला पाठवत नाही. बी आपलं होतं, म्हणून फूल आपल्याला.

सासूबाईंना नमस्कार. रागावलात तरी मला पत्र लिहीत जावं.

रत्नप्रभा


कराड
२१ मार्च १९८६

चि. सौ. रत्नप्रभा हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकीट मिळाले. फूल काढून टेबलावर ठेवले. दोन दिवस त्याच्याकडे पाहिले नाही.

बुधवारी शाळेत गेलो. परीक्षा चालू आहेत. शिपायाने खुर्ची दिली, ती मी मागच्या भिंतीशी नेली. झाडाची खालची बाजू दर दसऱ्याला लुटून खुरटली आहे. शेंड्याला, जिथे मुलांचा हात जात नाही, तिथे फुले आहेत. जांभळी. तुझे फूल मी खिशात नेले होते. पाचवी पाकळी गडद आहे.

मार्चमध्ये मी अडतीस वर्षे परीक्षेच्या वर्गात असे. खिडकीतून तो जांभळा रंग दिसे. भिंतीपलीकडच्या बंगल्यातली बाग आहे असे मी समजत असे. शेंग आहे म्हणजे आधी फूल असलेच पाहिजे, हे चौथीतल्या मुलाला कळते. मी चौथीच्या मुलांना ते शिकवतही होतो.

घरी येऊन तुझ्या सासूला सांगितले. ती म्हणाली, तिला माहीत आहे. मला डबा घेऊन येई तेव्हा मार्चमध्ये पाकळ्या पडलेल्या दिसत. आपट्याची फुले अशी नसतात, हे तिच्या माहेरी पोरासोरांना ठाऊक. मी विचारले, मग सांगितले का नाहीस. म्हणाली, तुम्ही विचारले नाहीत.

मला अतिशय राग आला. कोणाचा, ते अजून ठरत नाही. तुम्हा दोघींचा येऊन पाहिला, टिकला नाही.

नागपूरचा पत्ता कळवावा. प्रवासात पाणी घरचे न्यावे. मी लिहिलेले एक पत्र, डिसेंबरातले, तू जपून ठेवले असशील तर फाडून टाकावे. राजनची चिठ्ठी ठेवावी.

तुझा
रंगनाथ


कराड
३० ऑक्टोबर १९८६

चि. सौ. रत्नप्रभा हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नागपूरचे तुझे पत्र मिळाले. माथुरबाईंनी तुला जे हिंदीत कळवले ते तुझ्या सासूला वाचून दाखवले. दसऱ्याला सकाळी सुभेदार मेजर पोती घेऊन आले, तर तुमच्या जुन्या घराच्या फाटकात बाई खाट टाकून बसलेल्या आणि हातात लाटणे. या बाईंना माझा नमस्कार कळवावा. त्यांना कळ्या किती खायच्या असतील तेवढ्या खाऊ द्याव्यात, असे मी म्हणणार होतो. म्हणत नाही.

आता इथले सांगतो.

मीही दसऱ्याला सकाळी सातला शाळेत गेलो. झाडाखाली खुर्ची टाकून बसलो, काठी आडवी धरून. आठला मुले आली, पिशव्या घेऊन, रांगेत. रांगेची शिस्त माझीच. हल्लीचा मुख्याध्यापक हणमंत हा माझा विद्यार्थी. तो धावत आला. सर, ऊन लागेल, ऑफिसात बसा, म्हणाला. मी म्हटले, एकाही पानाला हात लावू देणार नाही. हा आपटा नव्हे.

हणमंताने मुलांकडे पाहिले. मग माझ्याकडे. फार आदराने म्हणाला की सर, हा आपटाच आहे. चौथीत असताना याच झाडाखाली उभे करून तुम्ही मला तीनदा म्हणायला लावले होते. मी कांचन म्हटले होते, आमच्या रानात आहे म्हणून. तुम्ही छडी मारली होतीत.

मला ते आठवत नाही. त्याला हात आठवतो, उजवा.

मी उठून उभा राहिलो. मुलांसमोर सांगितले की हणमंत बरोबर होता आणि मी चूक होतो. हे वाक्य त्या आवारात मी पूर्वी कधी उच्चारलेले नाही. मागच्या मुलांना ऐकू गेले नसेल, म्हणून पुन्हा म्हटले. शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले की मग छडीचे काय. हणमंत तिच्यावर ओरडला. मी त्याला गप्प केले. तिचा प्रश्न योग्य होता.

पिशव्या रिकाम्या परत गेल्या. काही पालक संध्याकाळी घरी येऊन भांडून गेले. मुलांचा सण मोडला म्हणतात. मोडला हे खरे आहे. त्यांना सांगितले, पुढच्या वर्षी हणमंत रानातला आपटा दाखवील. त्याला माहीत आहे.

आयुष्यात प्रथमच दसऱ्याला सोने न घेता घरी आलो. तुझ्या सासूने विचारले, सोने कुठे आहे. म्हटले, झाडावर.

मार्चमध्ये तुम्ही या. राजनला म्हणावे, शिडी आणू नको. शालिनीला मराठी लिहायला लाव, पण चुका सगळ्या दुरुस्त करू नकोस. तुला नेहमी मी आशीर्वाद देऊन पत्र संपवत आलो. या खेपेला काही मागतो. हणमंताला जे सांगितले, ते तुलाही सांगायचे राहिले होते. आता सांगितले असे धरावे.

तुझा
रंगनाथ